झुलत्या खिडक्या

"ह्यातल्या खिडक्या कुणी मारल्या?"

काउंटरवर लॅपटॉप उघडा ठेवून त्या तरुणानं असा प्रश्न विचारला, तेव्हा समीक्षाच्या हातात डाख द्यायची तापलेली सळई होती. तिनं मान वर केली नाही. मार्चातली दुपार. वजिराबादच्या बोळात तापल्या पत्र्याचा वास भरला होता. अशा उन्हात नांदेडच्या ह्या दुरुस्तीच्या दुकानात जे गिऱ्हाईक येतं ते भांडायलाच येतं, हे सहा वर्षांत तिला चांगलं कळलं होतं.

"मारल्या न्हाईत," ती म्हणाली. "बऱ्या केल्या."

"बऱ्या?"

"हाव. थरथरायच्या. आता गप हायत."

समीक्षानं सळई बाजूला ठेवली आणि वर बघितलं. उंच, सावळा, कपाळावर घाम, खिशाला दोन पेनं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देता येतं. हा माणूस मात्र, हातातोंडाशी आलेलं पीक ढोरांनी खाल्ल्यावर बांधावर उभा राहून बघावं तसा त्या पडद्याकडे बघत होता.

"त्या थरथरत नव्हत्या," तो हळूच म्हणाला. "झुलत होत्या... मीच लावल्या होत्या तशा. सगळा हिवाळा घालवून."

आता आधीचं सांगायला हवं.

चार दिवसांपूर्वी हा लॅपटॉप घेऊन आले होते ते हणमंतराव. भोकरजवळच्या एका खेड्याचे, मोठ्या आवाजाचे आणि मोठे परोपकारी. परोपकारी माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं दुष्टालाही जमत नाही. चार्जरची पिन सैल झाली होती, तेवढी बसवून आणा म्हणून गावच्या ह्याच तरुण गुरुजींनी लॅपटॉप त्यांच्या हाती दिला आणि स्वतः प्रशिक्षणाला लातूरला गेले. हणमंतरावांनी दुकानात तो उघडला. पडद्यावर काम उघडलं की जी चौकट दिसते, जिला खिडकी म्हणतात, ती त्यांनी माउसनं धरून ओढली. खिडकी ओल्या लुगड्यासारखी लोंबकळली, डुलली आणि मग सरळ झाली.

"बगा, बगा!" हणमंतराव ओरडले. "मशीनला हिवताप आलाय पोरी! गुरुजी भोळा माणूस, त्येला कायबी कळत न्हाई. सगळं धुऊन काढ. नवं टाक. मी सांगायलोय ना!"

समीक्षानं मशीन बघितलं होतं. जुनं होतं, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. चित्रं हलवायचं काम मुख्य चिपमधल्याच एका कोपऱ्याकडे. असल्या मशीनवर असले खेळ चालत नसतात, ही तिची पक्की समजूत. तेव्हा हा बिघाडच. तिनं पिन बसवली, दिसल्या तेवढ्या फाइली बाजूला काढून ठेवल्या, मशीन धुऊन काढलं आणि नेहमीची सिस्टीम बसवून दिली. त्या दिवशी आपलं काम चोख झालं म्हणून तिनं स्वतःला एक सोडासुद्धा पाजला होता.

"बसा गुरुजी," ती आता म्हणाली. स्टूल पुढं सरकवलं. "तुमचं एक अक्षरबी गेलेलं न्हाई. मी बॅकअप घेतल्याबिगर मशीनला हात लावत न्हाई."

तिनं ड्राइव्ह जोडला. फोटो होते, धडे होते, हजेरीपट होते. तो एकेक बघत गेला. मग विचारलं, "आणि सेटिंगची फाइल?"

"ती कुठं होती?"

"लपलेल्या फोल्डरात."

समीक्षाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दिसतं तेवढंच तिनं उचललं होतं. लपलेलं उघडून बघायला एक कळ दाबावी लागते. एकच. तिनं ती दाबली नव्हती, कारण खेड्यातल्या मास्तराच्या लॅपटॉपात लपवून ठेवण्यासारखं काय असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. "मेकॅनिक कुठाय?" असं दुकानात येणारा प्रत्येक माणूस तिच्याच तोंडावर विचारायचा, तेव्हा ती चिडायची. आणि आज तिनंही तेच केलं होतं.

"एक सांगू?" ती तरीही म्हणाली, कारण हार मानणं तिच्या लातूरजवळच्या मुरुडच्या रक्तात नव्हतं. "ह्या मशीनवर ते नीट चालतच नसणार. अडखळत असणार."

त्यानं खिशातून फोन काढला आणि एक व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला.

व्हिडिओत नऊ बाया शाळेच्या ओसरीवर बसल्या होत्या. पुढं एक साठीला टेकलेली बाई, हातावर खुरप्यानं पडलेले जुने वण. तिनं माउस धरला, कापूस वेचावा तशा हलक्या चिमटीत. पडद्यावरच्या खिडकीत भलामोठा 'प' होता. बाईनं खिडकी ओढली आणि तो 'प' असा झुलला, की पाण्यावर पान! बाई हसली. मागच्या आठ जणी हसल्या. मग तिनं कळ दाबली, आणि सगळा पडदाच चौकोनी डब्यासारखा फिरला. एका भिंतीवर अक्षरं, दुसरीवर आकडे, तिसरीवर पाखरं, चौथीवर गावाचा नकाशा. कुठंही अडखळ नाही.

समीक्षानं तो व्हिडिओ तीनदा बघितला. पहिल्यांदा खिडकीसाठी, दुसऱ्यांदा डब्यासाठी. तिसऱ्यांदा कशासाठी बघितला, ते तिलाही सांगता आलं नसतं. व्हिडिओ काढणाऱ्याचा हसण्याचा आवाज त्यात होता.

"ही माझी माय. पार्वतीबाई," तो म्हणाला. "पाटीवर शिकवलं, पुस्तकावर शिकवलं, सहा महिने एक अक्षर डोक्यात बसलं नाही. म्हणायची, तुझी अक्षरं मढ्यासारखी पडल्याती, मला न्हाई दिसत. एक दिवस खिडकी झुलवून दाखवली तर म्हणाली, 'आता ह्यो जित्ता झाला.' त्या दिवसापासून सगळ्या यायला लागल्या. येत्या रविवारी त्यांची साक्षरतेची परीक्षा आहे. आणि काल लॅपटॉप उघडला तर..."

"तर?"

"माय म्हणाली, अक्षरं पुन्हा मेली. आणि उठून गेली. तिच्यामागं बाकीच्या."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. समीक्षा उठली, लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या हातून गेलंय ते माझ्याच हातानं परत येईल. शनिवारच्या आत. न्हाई आलं तर पेचकस ठेवून देते आन् मुरुडला जाऊन शेळ्या वळते."

"शेळ्या आहेत का?"

"घेईन की!"

तो पहिल्यांदा हसला. तेच हसणं, व्हिडिओतलं. जाताना त्याची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर गेली. तो उंबऱ्यात थांबला. "जय भीम. मी संघपाल."

"जय भीम. समीक्षा," ती म्हणाली. आणि तो गेल्यावर उगाच बराच वेळ एकच स्क्रू फिरवत बसली, जो केव्हाच घट्ट झाला होता.

*

शाळा सकाळची होती. त्यामुळं संघपाल रोज दुपारच्या बसनं भोकरहून येऊ लागला. पहिल्या दिवशी समीक्षा म्हणाली, "तुमचं काय काम हितं? मी बघते की." तो म्हणाला, "माझ्या आठवणीतलं तुमच्या हातात द्यायचंय." तिनं दुसरं स्टूल ओढलं.

पण आठवणीत तरी किती असणार? त्यानं हिवाळाभर एकेक चाचपत लावलं होतं. लिनक्स ह्या मोफत सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीवर लावलं होतं, जी आता धड बसेना. नवं बसलं, पण नवं अंगानं जड. खिडकी झुलायची, मध्येच थबकायची, मग धक्का बसल्यासारखी पुढं जायची. पडद्याचा डबा फिरवला तर आधी अर्ध्यात अडकायचा.

"लंगडायलीय," संघपाल म्हणाला.

"लंगडणारच. मशीनला स्वतःचा बोअर न्हाई."

"बोअर?"

समीक्षानं पेचकस कानामागं खोचला. ही तिची सवय. काही समजावून सांगायचं असलं की ती असं करायची. "आमच्या लातूरकडं बगा, पाणी म्हणजे घरावरची टाकी. ज्यांचा स्वतःचा बोअर, त्यांनी गाड्या धुवाव्या, बागा लावाव्या. ते म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डवाले. त्यांची मेमरी त्यांच्यापाशी. हे तुमचं मशीन टाकीवालं. स्वयंपाकबी तिच्यातूनच, आंघोळबी तिच्यातूनच, आन् खिडक्या झुलवायच्या तर तेबी तिच्यातूनच. तोटी एकच. सगळे एकदम मागायले तर धार बारीक होणार का न्हाई?"

तो तिच्याकडं बघत होता. लॅपटॉपकडं नाही.

"ऐकून राहिलाव ना?"

"ऐकून राहिलो. शाळेत असं शिकवणारं कुणी असतं तर मी इंजिनिअर झालो असतो."

"मग बायांना कुणी शिकवलं असतं?" ती पटकन बोलून गेली आणि बोलल्यावर तिला वाटलं, हे कौतुक झालं की काय... मग आवाज जरा खडा करून म्हणाली, "लातूरच्या पोरीला काटकसर शिकवायची गरज न्हाई. आता वायफळ तोट्या बंद करू."

आणि ते दोघं एकेक बंद करत गेले. खिडकीमागचं धुरकट काचेसारखं दिसायचं ते बंद केलं, तेच सगळ्यांत जास्त पाणी पीत होतं. सावल्या बंद केल्या. आरपार दिसणाऱ्या पट्ट्या बंद केल्या. मागं चालणारी नको ती कामं थांबवली. प्रत्येक वेळी संघपाल विचारायचा, "हे गेलं तर मायला कळेल का?" आणि समीक्षा म्हणायची, "तुम्ही सांगा. तुमची माय." मग तो डोळे मिटून आठवायचा. त्याच्या मिटल्या डोळ्यांकडं तेवढ्यात बघून घ्यायचं, हे काम समीक्षानं आपल्याकडं घेतलं होतं.

बुधवारी खिडकी झुलली. अगदी पान झुलावं तशी. संघपालनं खिडकी ओढायला माउस धरला आणि त्याच वेळी तिनंही. दोन हात एका माउसवर.

"सोडा की," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा."

"मशीन माझ्या दुकानात हाय."

"खिडकी माझी आहे."

कुणीच सोडला नाही. बोळाच्या तोंडाशी सोडावाल्यानं बाटलीवर चावी वाजवली, तेव्हा दोघांनी एकदम सोडला. मग दोघंही सोड्याचं बोलू लागले, जणू जगात सोड्याइतकं महत्त्वाचं काही नाही.

डबा मात्र गुरुवारीही अडखळला. शुक्रवारीही. चार भिंती एकदम फिरवायच्या म्हणजे खिडकी झुलवण्यापेक्षा जड काम.

"डबा राहू द्या," संघपाल शुक्रवारी म्हणाला. "नुसत्या खिडक्या चालतील. तुम्ही लई केलंत."

"मायला कळंल का डबा गेल्याचं?"

त्यानं एकदा डबा फिरवून बघितला. मग खरं बोलला. "आकड्यांवरून अक्षरांवर जाताना ती म्हणते, 'चल गं, शेजारच्या घरी जाऊ.' डबा फिरवून जाते."

"मग डबा राहणार," समीक्षा म्हणाली. "उद्या सकाळी दहाला येऊन न्या."

तो गेल्यावर तिनं लॅपटॉप पालथा केला आणि मागचं झाकण उघडलं. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्यांसाठी आत दोन जागा होत्या. एकीत पट्टी, दुसरी रिकामी. तिला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सारख्या दोन पट्ट्या जोडीनं बसवल्या, की नुसतं पाणी वाढत नाही, तोटीही दुसरी मिळते. दोन्हींतून एकदम धार. पण इतकी जुनी पट्टी नांदेडच्या बाजारात मिळेना. व्यापारी म्हणाला होता, हैदराबादहून मागवतो, सोमवारी येईल. परीक्षा रविवारी.

तशीच एक पट्टी दुकानात होती. समीक्षाच्या स्वतःच्या लॅपटॉपात. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला डिप्लोमा करताना घेतलेला, पहिला, स्वतःचा. त्यातही एकच पट्टी होती. ती काढली तर तो सुरूसुद्धा होणार नव्हता.

माणूस मोठे निर्णय विचार करून घेतो असं म्हणतात. तसं काही नसतं. हात आधी जातो, विचार मागून पोचतो. समीक्षाच्या हातात पेचकस होताच.

पट्टी बसली, टक्क असा आवाज आला. तिनं मशीन सुरू केलं आणि कळ दाबली. डबा फिरला... अक्षरं, आकडे, पाखरं, गाव. पुन्हा अक्षरं. कुठंही अडखळ नाही.

*

"तुम्ही पण चला," शनिवारी सकाळी संघपाल म्हणाला. डबा फिरताना बघून त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तो बॅगेची चेन उगाच उघडबंद करत होता. "माझ्यावर बाया आता विश्वास ठेवत नाहीत."

"आन् माझ्यावर ठेवतील? अक्षरं मारणारीवर?"

"म्हणूनच म्हणतो."

दुकानाचे मालक उमाशंकर आतून म्हणाले, "जा पोरी, जा. चार दिवस झाले, तुझं हितं लक्ष तरी कुठाय!" समीक्षानं त्यांच्याकडं असं बघितलं, की ते पुन्हा आत गेले.

भोकरपर्यंत बस, पुढं संघपालची मोटरसायकल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता. गरम वाऱ्यात काढणीला आलेली ज्वारी अशी झुलत होती, की समीक्षाला एकदम कळलं. हा माणूस खिडक्या झुलवायला कुठून शिकला ते.

"गुरुजी," ती मागून म्हणाली, "तुमचं सेटिंग मला सापडलं."

"कुठं?"

"हे काय, वावरात!"

आरशात तिला त्याचं हसू दिसलं. आरसा त्यानं मुद्दाम तसा फिरवला होता की काय, कोण जाणे.

ओसरीवर बाया जमल्या होत्या, पण पदर सावरून, जायच्याच तयारीत. हणमंतरावही होते, खांबाला टेकून. "मी चांगल्यासाठीच नेलं हुतं बरं का!" ते आधीच ओरडले. मधोमध पार्वतीबाई बसल्या होत्या. त्यांनी समीक्षाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"तूच का गं ती? माझी अक्षरं मारलीस ती?"

संघपाल मध्ये बोलायला गेला. समीक्षानं त्याला हातानंच थांबवलं.

"हाव माय, मीच. न बघता हात घातला. चुकलं माझं."

पार्वतीबाईंना हे अपेक्षित नव्हतं. चूक झाली म्हणून सरळ सांगणारी शिकलेली माणसं त्यांनी फारशी बघितली नव्हती. "बस," त्या म्हणाल्या. "दाव मग."

"मी न्हाई. तुम्हीच ओढा."

पार्वतीबाईंनी माउस धरला, तसाच चिमटीत. खिडकी ओढली. 'प' झुलला. एका बाईच्या तोंडून "अगं माय!" असं निघालं. पार्वतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी कळ दाबली. पडदा वळला, आकड्यांवरून अक्षरांवर, पाण्यातून होडी वळावी तसा. त्यांनी पुन्हा फिरवला. आणखी एकदा. एकदा तर इतक्या जोरात, की समीक्षानं श्वास धरून ठेवला. पण डबा अडखळला नाही.

"पयल्यापेक्षा हलका झालाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "आत काय केलंस?"

"एक जागा रिकामी होती माय. तिथं जोडीदार बसवला. एकट्याला जड जात होतं, दोघांना जात न्हाई. एवढंच."

पार्वतीबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं. वही ओढली आणि पडद्यावर बघून बघून लिहू लागल्या. पा. र्व. ती. रेघ थोडी थरथरत होती. बाकीच्या आठ जणींनी पदर सैल केले आणि वह्या उघडल्या.

दोन तासांनी वर्ग सुटला. संघपाल लॅपटॉप बंद करायला गेला आणि थबकला.

"मेमरी आठ जीबी दाखवतंय," तो म्हणाला. "माझी चारच होती."

"मोजता येतं म्हणायचं तुम्हाला!"

"बाजारात पट्टी नव्हती. तुम्हीच म्हणालात, सोमवारी येईल."

"म्हणले असंल."

"मग ही कुणाची?"

समीक्षा ओसरीच्या पायरीवर उतरली होती. कडुलिंबाला बारीक मोहोर आला होता, वाऱ्यासरशी तो तिच्या केसांवर पडत होता. तिनं तो झटकला नाही.

"माझ्या लॅपटॉपातली," ती म्हणाली. "पुसायला लागलाव म्हणून सांगते."

"मग तुमचा?"

"बंद हाय."

"मी काढून देतो. परीक्षा झाली की लगेच..."

"काढाल तर डबा पुन्हा अडकंल. ती जोडी हाय गुरुजी, जोडी फोडू नका."

"म्हणजे दोघांपैकी एकाचाच चालणार?"

"एका घरात दोन कशाला लागत्यात?" समीक्षा म्हणाली.

आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. शब्द सुटले होते, परत धरता येत नव्हते. मात्र ती मान खाली घालणारी नव्हती. तिनं सरळ त्याच्याकडं बघितलं. संघपालनं तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं. नऊ बायांना वर्षभर बाराखडी शिकवणाऱ्या माणसाला एक अक्षर सापडेना!

"बस चुकंल तिची!" हणमंतराव खांबाजवळून गरजले. "मी सोडतो चला, माझी गाडी तयार हाय!"

परोपकारी माणूस, दुसरं काय.

*

रविवार गेला. परीक्षा झाली. सोमवार, मंगळवार, बुधवार... संघपाल आला नाही, फोनही नाही. समीक्षानं सात मशीनं दुरुस्त केली, एका गिऱ्हाईकाला फटकारलं आणि एकदाही स्वतःला दोष दिला नाही. जे बोलले ते खरं बोलले, ती मनाशी म्हणायची. खरं बोलून कुणी लहान होत नाही. पण बोळाच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली, की तिची सळई चुकीच्या जागी टेकायची.

गुरुवारी दुपारी हणमंतराव आले. हातात चार घड्या घातलेला वहीचा कागद.

"हे घे. पार्वतीबाईनं दिलंय. म्हणाली, कुनाला दावू नको. संघपाललाबी न्हाई. मी इचारलं, काय लिवलंय? तर म्हणली, तुमचं काम पोचवायचं हाय."

समीक्षानं घडी उघडली. मोठी, थरथरती अक्षरं. एकेक ओळ वर चढत गेलेली, खिडकी ओढताना झुलते तशी. चार दिवस खपून लिहिलं होतं, खोडलेल्या जागा दिसत होत्या.

*समीक्षा. पास झाले का ते अजून कळलं नाही. पन हे मी लिवलं. माज्या पयल्या पत्रात तुजं नाव हाय. माजा लेक लातूरला जाऊन शिकून आला पन बोलायला शिकला नाही. त्याच्या वतीनं मी इचारते. आमच्या घरात एक जागा रिकामी हाय. येतेस का. पार्वतीबाई.*

समीक्षानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं तिला नीट दिसेनात.

"काय लिवलंय?" हणमंतरावांनी मान लांब केली.

"तुमचं काम पोचवायचं होतं काका," ती डोळे पुसत म्हणाली. "लेक कुठाय?"

"त्यो काय, भाईर. सोडावाल्यापाशी. मी म्हणलं आत चल, तर म्हणतो, न्हाई."

समीक्षा काउंटर ओलांडून बोळात गेली. भर उन्हात संघपाल उभा होता. हातात सोड्याची बाटली, तोंडाला न लावलेली.

"गुरुजी, उन्हात कामून उभे?"

"माय म्हणाली, उत्तर घेतल्याबिगर येऊ नको." त्यानं बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली. "पत्रात काय आहे ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी ओसरीवर मला जे म्हणायचं होतं... तेच असेल, असं वाटतं."

"काय म्हणायचं होतं?"

"एका घरात... एकच पुरेल."

"पाच दिवस लागले व्हय एवढ्याला!"

"जुनं मशीन आहे," तो म्हणाला. "वेळ लागतो. पण सुरू झालं की बंद पडत नाही."

समीक्षा खळखळून हसली. सोडावाल्यानं उगाच फडकं झटकलं. आत हणमंतराव उमाशंकरांना काहीतरी समजावत होते, मोठ्यानं.

"आधी मुरुडला या," ती म्हणाली. "बाबांना भेटा. आनंदराज नाव त्यांचं, प्रश्न लई विचारतात. टाकी भरलेली असंल तवा बोलावते, पाहुण्याला चहा तरी पाजता यावा. आन् दुसरं, दुकान मी टाकणार हाय. भोकरला टाकीन. पाटीवर नाव माझं, तुमचं न्हाई."

"पाटी मी रंगवतो."

"तुमचं अक्षर बरं हाय का?"

"मायपेक्षा बरं आहे."

"मग मायलाच रंगवू द्या," समीक्षा म्हणाली. "चला आत. उत्तर तोंडी चालंल का लेखी?"

"लेखीच आण म्हणाली. आता तिला वाचता येतं ना."

समीक्षानं दुरुस्तीच्या पावतीचा कागद फाडला, पालथा केला आणि काउंटरवर ठेवला. कानामागचा पेचकस काढून संघपालच्या हाती दिला आणि त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. मग ती लिहू लागली. अक्षर नेहमीसारखं घाईचं नाही. मोठं, सुटं, ठळक. बोट ठेवून एकेक वाचता येईल असं.

संघपालनं मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला.

"तिकडं बघा," समीक्षा कागदावर हात आडवा धरत म्हणाली. "हे तुमच्यासाठी न्हाई."